महागडी इलेक्ट्रिक की प्लग-इन हायब्रिड? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाडीला माझं वर्कशॉप आहे. गाड्या विकत नाही, त्यामुळे अमुकच घ्या म्हणून मला काही सुटत नाही. पण गाडी रॅम्पवर चढली की तिचं पोट दिसतं, आणि बनवणाऱ्यानं कुठं हात आखडला, कुठं सढळ सोडला, ते पोटावरूनच कळतं. कोटीच्या आसपासची गाडी घ्यायला निघालेली मंडळी चहा घेता घेता जे विचारतात, ते इथं एकदाचं लिहून ठेवलं. प्रश्न त्यांच्याच बोलीत ठेवलेत.

हायब्रिड तर माझी इनोव्हाबी आहे भाऊ. मग हे प्लग-इन काय नवीन?

इनोव्हा हायक्रॉसची बॅटरी चिमुकली. ती ब्रेक लावताना आणि इंजिनावर भरते, भिंतीतल्या सॉकेटशी तिचा संबंध नाही. प्लग-इनची बॅटरी त्याहून बरीच मोठी, घरी वायर लावून भरायची. पहिले काही किलोमीटर निव्वळ विजेवर, मग पेट्रोल. पुढं किलोवॉट-तास असं लांबलचक न लिहिता मी सरळ 'युनिट' म्हणतो. बिलातलं एक युनिट तेच असतं.

एकाच कंपनीची, एकाच अंगाची अशी जोडी आहे का, की फरक नीट दिसेल?

आहे, आणि फारच शिकवणारी आहे. बीएमडब्ल्यूची आय५ एम६० आणि एम५. दोन्ही ५ सिरीजच्याच, जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्याच कारखान्यातून निघतात. दोन्ही २०२४ मध्ये भारतात आल्या, तेव्हा आय५ एम६० साधारण १.२० कोटी आणि एम५ १.९९ कोटी एक्स-शोरूम होती. पहिली शुद्ध इलेक्ट्रिक: दोन मोटारी, ६०१ हॉर्सपॉवर, वापरता येणारी ८१.२ युनिटची बॅटरी. दुसरी प्लग-इन: ४.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, गिअरबॉक्सच्या पोटात एक मोटार, मिळून ७२७ हॉर्सपॉवर, बॅटरी १८.६ युनिटची.

आता सांगा, यातली जड कोणती? दहापैकी नऊ जण इलेक्ट्रिक म्हणतात. एवढी मोठी बॅटरी, मग जडच असणार ना. पण जर्मन मोजमापात आय५ एम६० भरते २,३०५ किलो आणि एम५ भरते २,४३५ किलो. प्लग-इन १३० किलोनं जड! म्हणजे दोन धष्टपुष्ट पाहुणे कायमचे मागं बसवून फिरल्यासारखं.

असं का, तर इलेक्ट्रिकवाल्यानं एकच मोठं ओझं उचललं आणि बाकी सगळं फेकून दिलं. इंजिन नाही, आठ गिअरचा डबा नाही, सायलेन्सर नाही, पेट्रोलची टाकी नाही. प्लग-इनवाल्याला काहीच फेकता आलं नाही. व्ही-८ आहे, त्याचे टर्बो आहेत, ६० लिटरची टाकी आहे, आणि वर बॅटरी, मोटार, चार्जर, जाड केशरी वायरी. एका घरात दोन चुली म्हटल्यावर भांडीही दुप्पट लागणार.

त्या १३० किलोंच्या बदल्यात काय मिळालं? शून्य ते शंभर ३.८ सेकंदांऐवजी ३.५ सेकंदांत. व्ही-८ चा आवाज. आणि पंपावर पाच मिनिटांत टाकी फुल करून हैदराबादकडं निघायची सोय. या तिसऱ्या गोष्टीचे पैसे द्यायला मी तयार आहे. पहिलीचे नाही.

मग त्या जोडीतली इलेक्ट्रिक बिनचूक म्हणायची का?

नाही हो. तिचं अंग मुळात पेट्रोल गाडीचं आहे, त्याची किंमत ती मोजते. बोनेट लांबलचक, पण उघडलं तर सामान ठेवायला आत जागा नाही. मागं मधोमध फरशीला उंचवटा तसाच आहे, मधल्या माणसानं दोन्हीकडं पाय टाकून बसायचं. त्या उंचवट्याखाली पेट्रोल गाडीत शाफ्ट फिरतो. इथं शाफ्टच नाही, तरी उंचवटा आहेच. सून परदेशी गेली तरी तिचं कपाट रिकामं करत नाहीत, तसं.

उलट ह्युंदाईची आयोनिक ५ पाहा. ती पहिल्यापासून इलेक्ट्रिक म्हणूनच आखली. लांबी ४,६३५ मिलिमीटर, म्हणजे ५,०६० मिलिमीटरच्या आय५ पेक्षा जवळजवळ हातभर आखूड. पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर? आयोनिकचं ३,००० मिलिमीटर, आय५ चं २,९९५. आखूड गाडीत जास्त लांब बैठक, फरशीही सपाट. किमतीत निम्म्याच्याही खाली असून या एका बाबतीत ती मोठ्या गाडीला भारी पडते.

तरी पेट्रोल, प्लग-इन आणि इलेक्ट्रिक अशा तिघींना एकच अंग वापरायची बीएमडब्ल्यूची चाल मला मूर्खपणाची वाटत नाही. काच, दिवा असे काही सुटे भाग सारखे. गाडी ठोकली गेल्यावर याचं मोल कळतं.

शोरूममध्ये मागच्या सीटवर बसलो, छान वाटलं. लांबच्या प्रवासात तसंच वाटेल?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, मीच त्यांच्या वतीनं विचारून घेतो.

इलेक्ट्रिकची बॅटरी फरशीखाली अंथरलेली असते. तिच्या जाडीमुळं फरशी वर येते. छप्पर वर न्यावं तर हवेला अडथळा वाढतो, म्हणून सीट त्या मानानं वर जात नाही. परिणाम: गुडघे वर, मांडी अधांतरी, सगळा भार कुल्ल्यांवर. माझ्या आईचे गुडघे दुखतात. एका ओळखीच्यांची गाडी घेऊन आम्ही रामटेकला गेलो होतो. जाताना काही बोलली नाही. येताना मनसरच्या पुढं म्हणाली, "पाटावर बसल्यासारखं होऊन राहिलं रे." मी घरी येऊन टेप काढला आणि फरशीपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंत मोजलं, मग तिच्या नेहमीच्या खुर्चीची उंची मोजली. अंतर हातभर नव्हतं, पण चार बोटं सहज होतं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला सांगतो: शोरूमला जाताना टेप खिशात ठेवा आणि घरातलं सर्वांत म्हातारं माणूस सोबत न्या. त्यांना मागं बसवून अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा मारा.

पोर्शेनं टायकानमध्ये यावर सरळ उपाय केला. मागच्या माणसाच्या पायाखाली बॅटरीत खड्डाच ठेवला, तिथं सेल बसवलेच नाहीत. म्हणजे पायाला आराम द्यायचा म्हणून रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जायचं अंतर, थोडी सोडली. असा सौदा कंपनीनं उघड केला की मला ती कंपनी आवडते.

प्लग-इनची बॅटरी छोटी, त्यामुळं पायांचा त्रास सहसा नसतो. तिची किंमत डिकी मोजते. साध्या ५ सिरीजची डिकी ५२० लिटर, आय५ ची ४९०, एम५ ची ४६६.

नागपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी टिकेल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तरही सगळ्यांत लांब.

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. सावलीतला. रस्त्याच्या सिमेंटवर हात ठेवून पाहा म्हणजे गाडीच्या पोटाला काय सोसावं लागतं ते कळेल. लिथियमच्या सेलला माणसासारखंच हवामान मानवतं. फार ऊन लागलं, तेही पूर्ण भरलेल्या अवस्थेत, की ती लवकर म्हातारी होते. म्हणून चांगल्या गाड्यांत बॅटरीभोवती पाणी फिरतं आणि ते थंड करायला एसीचाच कॉम्प्रेसर लागतो. बाहेरच ४५ असेल तर नुसता रेडिएटर काय थंड करणार? ओल्या वाळ्याशिवाय कूलर चालवल्यासारखं होईल.

इथं दोन प्रकारांत एक फरक आहे जो कॅटलॉगमध्ये दिसत नाही. समजा तुम्ही रोज ६० किलोमीटर फिरता. इलेक्ट्रिकला त्यासाठी बारा-तेरा युनिट लागतील. ८१ युनिटच्या बॅटरीतून ते काढणं म्हणजे भरल्या रांजणातून दोन तांबे. वर्षाकाठी तिची पूर्ण आवर्तनं, म्हणजे अख्खी भरून अख्खी रिकामी होणं, साठेकच होतात. प्लग-इनची १८ युनिटची बॅटरी त्याच अंतरात रोज तळाला जाते आणि रोज काठोकाठ भरते. वर्षाला तीनशे आवर्तनं सहज. शिवाय तिच्या शेजारी गरमागरम इंजिन आणि सायलेन्सर. छोट्या बैलाला रोज मोठी गाडी ओढायला लावायची आणि वर उन्हात बांधायचं. वॉरंटीचा कागद वाचताना प्लग-इनच्या बॅटरीची वर्षं आणि किलोमीटर वेगळे लिहिलेत का, ते आधी पाहा.

बॅटरीचा मसालाही महत्त्वाचा. बीवायडी सीलमधली ब्लेड बॅटरी लोह-फॉस्फेटची आहे. त्याच वजनात ती वीज कमी साठवते, पण उष्णतेला निबर आणि आवर्तनं जास्त सोसते. युरोपियन महागड्या गाड्यांत बहुतेक निकेल-मँगनीज-कोबाल्टचा मसाला असतो. वजनाला वीज जास्त, पण लाड जास्त. निकेलवाली असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबवा, आणि पूर्ण भरून चार दिवस उन्हात उभी करून लग्नाला जाऊ नका.

एसी लावला की रेंज किती पडते?

शहरात जास्त, हायवेवर कमी. लोकांना उलटं वाटतं. सीताबर्डीच्या गर्दीत ताशी वीसच्या सरासरीनं सरकताना गाडीलाच तीनेक किलोवॉट लागतात. त्यावर एसीचा एक-दीड म्हणजे मोठा वाटा झाला. समृद्धीवर १२० नं जाताना गाडी पंचवीस-तीस किलोवॉट खाते, तिथं एसीचा दीड किलोवॉट कोणाच्या खिजगणतीत?

एक गंमत: ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ नऊ टक्क्यांनी विरळ असते, त्यामुळं हायवेवर हवेचा अडथळाही तेवढा कमी. एसी जे खातो त्यातलं बरंचसं उन्हाळाच परत देतो.

समृद्धीवर एका दमात शिर्डी होईल?

नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर. कागदावर आय५ एम६० ची रेंज ५१६ पर्यंत आहे, पण १२० च्या वेगात ती विसरा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळं १०० चे १२० केले की तो ४४ टक्क्यांनी चढतो. माझा अंदाज शंभर किलोमीटरला तेवीस-चोवीस युनिट, म्हणजे साडेतीनशेच्या आत-बाहेर. एक थांबा धरूनच निघा. १०० नं गेलात तर चारशेपर्यंत ताणेल.

इथंच मर्सिडीजच्या ईक्यूएसचं कौतुक करावं लागतं. चाकणला जुळणी होणारी ही गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते म्हणून लोक नाकं मुरडतात. पण त्या आकारामुळंच तिचा हवेच्या अडथळ्याचा आकडा ०.२० आहे. बीएमडब्ल्यूच्या आय७ नं रुबाबदार उभं नाक आणि उंच छप्पर ठेवलं, तिचा ०.२४. मागं बसणाऱ्या शेठला आय७ जास्त सुखाची, स्टिअरिंगवर बसून लांब जाणाऱ्याला ईक्यूएस.

आपल्याकडच्या चाचणीचा आकडाही सांभाळून वाचा. ७२.६ युनिटच्या आयोनिक ५ ला भारतात ६३१ किलोमीटरचं प्रमाणपत्र आहे. त्याच बॅटरीला युरोपच्या चाचणीत ४८१. गाडी तीच, परीक्षा सोपी.

८०० व्होल्टची गाडी घेतली की चार्जिंग झटपट होईल ना?

चार्जर तसा असेल तर. नेहमीच्या ४०० चे ८०० व्होल्ट, म्हणजे दुप्पट केले की तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा लागतो आणि वायरीतली उष्णता चौथाईवर येते. म्हणून ८०० व्होल्टच्या आयोनिक ५ ला ३५० किलोवॉटच्या चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना १८ मिनिटं पुरतात. पण ६० किलोवॉटचा चार्जर मिळाला तर त्याच कामाला पाऊण तासाच्या वर जातो, मग गाडी कोणतीही असो.

आणि ६० लिहिलेला चार्जर ६० देईलच असं नाही. मागच्या मे मध्ये एका गिऱ्हाइकाची गाडी घेऊन हायवेवर दुपारी दोनला लावली. पडद्यावर आकडा २४ च्या वर चढेना. गाडीला बोल लावत होतो, मग चार्जरला हात लावला तर तव्यासारखा. जाळीत धुळीचा थर, पंखा घरघरत होता. बिचारा स्वतःला वाचवायला ताकद कमी करून राहिला होता. दोन कप चहा आणि एक प्लेट तर्री-पोहे होऊनही गाडी साठ टक्क्यांवरच. तेव्हापासून उन्हाळ्यात हायवे चार्जिंग सकाळी नऊच्या आत नाहीतर सूर्य मावळल्यावर.

प्लग-इनला असं थांबावं लागत नाही, हा फायदाच ना?

हो, आणि हाच तिचा खरा फायदा. मात्र बहुतेक प्लग-इन फास्ट चार्जरवर भरतच नाहीत, हेही ध्यानात असू द्या. एम५ घरच्या एसी चार्जरवर जास्तीत जास्त ११ किलोवॉटनं भरते. हायवेवर तिची बॅटरी संपली की पुढं ती एक जड पेट्रोल गाडी आहे.

फ्लॅटमध्ये राहतो. पार्किंगमध्ये फक्त १५ अँपिअरचा पॉइंट आहे. चालेल?

प्लग-इनला उत्तम. रात्री दहाला लावली तर पहाटेपर्यंत १८ युनिट भरून जातात.

इलेक्ट्रिकवाल्याला सेल्समन सांगतो की अशा पॉइंटवर तीस तास लागतील. खरं आहे, पण शून्यापासून भरायची असेल तर. रोजचे बारा-तेरा युनिट तर पाच तासांत परत येतात. ११ किलोवॉटचा चार्जर हवा असेल तर थ्री-फेज जोडणी आणि महावितरणकडून वाढीव मंजूर भार लागेल. सोसायटीची परवानगी गाडी बुक करायच्या आधी लेखी घ्या. नंतर सेक्रेटरी साहेब गावाला जातात.

पॉइंट अजिबातच नसेल तर प्लग-इन घेऊ नका. न भरलेली प्लग-इन म्हणजे दुसरी चूल डोक्यावर घेऊन फिरणं. कागदावरचं तिचं मायलेज रोज भरली जाईल हे धरून काढलेलं असतं. युरोपीय आयोगानं २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांच्या आतल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा प्लग-इनचा प्रत्यक्ष धूर कागदापेक्षा साडेतीन पट निघाला. तो अहवाल २०२४ चा.

मर्सिडीजच्या प्लग-इन सी ६३ ची इलेक्ट्रिक रेंज फक्त १३ किलोमीटर? ही काय थट्टा?

धरमपेठेतून विमानतळावर पाहुण्याला सोडून परत येईपर्यंत संपली, बरोबर. पण मर्सिडीज-एएमजीनं ती बॅटरी रेंजसाठी बनवलीच नाही. ६.१ युनिट, ८९ किलो, ५६० सेल, आणि प्रत्येक सेलभोवती वीज न वाहणारं कूलंट. काम एकच, मागच्या चाकांना क्षणात दणका द्यायचा आणि ब्रेकमध्ये तो परत गिळायचा. पुढं दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, एकूण ६८० हॉर्सपॉवर.

कंपनी सांगते, ती बॅटरी सरासरी ४५ अंशांवर सर्वांत सुखात असते. ऐकून मी हसलो. म्हणजे ही खरी नागपूरची बॅटरी!

कारागिरी म्हणून मला ती फार आवडते. पण जुन्या व्ही-८ साठी जीव टाकणारा गिऱ्हाईक चार सिलिंडरवर रुसला, आणि त्याचं रुसणं मला पटतं.

पाणी भरलं तर शॉक बसेल का?

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, तेव्हापासून हा प्रश्न वाढला. बॅटरीची पेटी सीलबंद असते, सहसा आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. गडबड वाटली की गाडी स्वतःच बॅटरी तोडते. तरी बुडालेली गाडी चालू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका, उचलूनच न्या. प्लग-इनला जास्त जपावं लागतं. बॅटरी आहेच, शिवाय इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी शिरायची भीतीही आहे.

स्टेपनी मिळेल का?

बऱ्याचदा नाही. २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर स्टेपनी नसली तरी नियमात बसतं. डिकीखालची जागा बॅटरीनं किंवा मोटारीनं घेतलेली असते. सव्वादोन टनाच्या गाडीचे टायर झिजतातही लवकर. समृद्धीवर चढण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा.

टॅक्सचा फरक किती?

खूप. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनाच्या हायब्रिडवर ४० टक्के, मग तिला प्लग असो वा नसो. हिरवी पाटीही फक्त बॅटरीवरच्या गाडीला, प्लग-इनला पांढरीच. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे.

महिनोन्‌महिने विजेवरच चालवली तर टाकीतलं पेट्रोल खराब होईल?

होऊ शकतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. म्हणून प्लग-इनची टाकी बहुधा हवाबंद, दाबाखालची असते. झाकण उघडायला आत बटण दाबून थोडं थांबावं लागतं. पंपावरचा पोरगा ओढत बसतो, त्याला आधीच सांगा. महिन्यातून एकदा इंजिन नीट गरम होईल इतकं चालवा.

दसऱ्याला पूजा करायची तर बोनेट उघडतं का?

हसू नका, दरवर्षी कोणीतरी विचारतंच. एम५ चं उघडा, आत व्ही-८ दिसेल, हळद-कुंकू प्लास्टिकच्या आवरणावर लावा. आय५ चंही उघडतं, आत पुन्हा आवरणच. ईक्यूएसचं मालकानं उघडायचंच नाही, ते काम वर्कशॉपचं. काच धुण्याचं पाणीसुद्धा डाव्या फेंडरवरच्या छोट्या झाकणातून भरायचं. मागच्या दसऱ्याला एका डॉक्टरांच्या आईनं त्याच झाकणावर कुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मला विचारलं, "इंजिन कुठं असते हिचं?" मी खाली वाकून फरशीकडं बोट दाखवलं. त्यांनी उरलेली फुलं गाडीखाली सरकवली.